बिंग-काउचा नववा मासा

तर काल सांगत होतो ना, बिंग-काउ पालथा पडला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, गाल फरशीला टेकलेला, एका हातात टॉर्च, आणि चपलांच्या कपाटाखाली तोंड घालून बघतोय. आमच्या मजल्यावर दिवसा दारं उघडीच असतात, नुसती लोखंडी जाळी ओढलेली असते. त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचे फक्त तळपाय दिसत होते. शेजारची पांगबाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, ती थबकली आणि ओरडली, "अहो चोयदादा, धावा! काउभाऊ पडले!"

मी हातातला भाताचा वाडगा तसाच ठेवून धावलो.

"पडलो नाही," कपाटाखालून आवाज आला. "मासा शोधतोय."

"कपाटाखाली?"

"टाकीत असता तर टाकीत शोधला असता, चोयदादा."

आता मासा कुठला, ते सांगायला हवं. त्याच्या घरात शिरलं की डाव्या हाताला काचेची टाकी. तीत आठ लाल सोनमासे आणि नववा काळा, डोळे बटाट्यासारखे बाहेर आलेला. आमच्याकडे वास्तू बघणारा मास्तर येतो आणि असाच हिशेब घालून देतो. आठ लाल असतात बरकतीसाठी. नववा काळा असतो घरावर येणारं संकट स्वतःच्या अंगावर घ्यायला. म्हणून काळा मेला तर इकडे कुणी हळहळत नाही. 'गेला बिचारा, आपलं घेऊन गेला,' म्हणतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात, आणि मोंगकोकच्या बाजारात सोनमाशांच्या दुकानांचा रस्ता आहे, तिथे जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत दुसरा घेऊन येतात.

बिंग-काउच्या घरावर काय येणार होतं ते सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. त्याची बायको यीन-हिंग हिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सहा वर्षं झाली. पोटाला बारीक नळी, आणि दिवसातून चार वेळा दोन लिटरची पिशवी खुंटीला टांगून पोटात पाणी सोडायचं, आधीचं खाली दुसऱ्या पिशवीत काढायचं. त्या वेळी पंखा बंद, खिडकी बंद, दोघांच्या तोंडाला फडकं, कारण नळीतून जंतू गेला तर संपलं. नवी किडनी मिळायच्या यादीत तिचं नाव होतं. पण ती यादी म्हणजे सणाच्या दिवशी बससाठी लागणारी रांग. आपण उभे राहतो, आणि बस दुसऱ्याच थांब्यावर भरते.

काळा नुसता मेला असता तर बिंग-काउ त्या दिवशी एक वाडगा भात जास्त जेवला असता. मागे दोनदा तसं झालंही होतं. दोन्ही वेळा तिचं रक्त तपासून आलं आणि डॉक्टर म्हणाले, बरं आहे. पण या खेपेला काळा मेलेला नव्हता. तो नाहीसा झाला होता. टाकीला झाकण जसंच्या तसं, आठ लाल निवांत फिरतायत, आणि काळा नाही.

तो उठून बसला. कपाळाला जळमट लागलं होतं.

"मेला असता तर कळलं असतं, त्याने झेललं," तो म्हणाला. "पण मासाच नाही. मग जे यायचं होतं ते कुणावर गेलं?" आणि खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या बायकोकडे त्याने बघितलं.

पांगबाईला असल्या वेळी गप्प राहवत नाही. ती म्हणाली, चौदा नंबरची मांजर. मी म्हणालो, झाकण काढून मासा खाऊन झाकण परत लावणारी मांजर असेल तर तिला नोकरीला लावा. मग ती म्हणाली, लाल्यांनी खाल्ला असेल. बिंग-काउने खरंच प्रत्येक लाल माशाचं पोट टॉर्च मारून बघितलं. आता मी तळ्यांच्या गावचा. आमच्या गावात घरं कमी आणि मत्स्यतळी जास्त. गावच्या शाळेत बसलं की खिडकीतून तळंच दिसायचं, त्यामुळे माझं शिक्षण जे काय झालं ते माशांचंच झालं. तर मी सांगितलं, "आमच्या गावी मासा हरवला की मासा शोधत नसत. कुणाच्या घरातून आलं-कांद्याचा वास येतोय ते शोधत."

खुर्चीतून यीन-हिंग म्हणाली, "माझ्याकडे बघू नका, चोयदादा. मला मीठ बंद आहे."

सगळे हसले. बिंग-काउ नाही हसला. त्याने जोडे घातले आणि दुसरा काळा आणायला निघाला.

या माणसाची थोडी हकीकत सांगतो. एकतीस वर्षं त्याने दुमजली बस चालवली, डोंगरावरच्या वळणांच्या रस्त्याने. दिवसातून सहा फेऱ्या. त्या काळातल्या बसचं चाक फिरवायचं म्हणजे जात्याचं काम. उजवा खांदा तिथेच गेला, कंबरही तिथेच गेली. 'निवृत्त झालो की एक महिना झोपून काढणार,' असं तो जेवायच्या सुट्टीत म्हणायचा. ज्या महिन्यात निवृत्त झाला त्याच महिन्यात यीन-हिंगचे पाय सुजायला लागले. झोपायचा महिना राहूनच गेला.

त्याचा दिवस कसा जायचा तर असा. पहाटे उठून पहिली पिशवी गरम करायला ठेवायची. हात कोपरापर्यंत धुवायचे, घड्याळ लावून. काढलेल्या पाण्याचं वजन करायचं, वहीत लिहायचं, संडासात ओतायचं. मग बाजार. मग दुसरी पिशवी. महिन्यातून एकदा पिशव्यांची खोकी यायची, चाळीसेक. ती भिंतीला लावून आढ्यापर्यंत रचायची. दोन खोल्यांचं घर, त्यात बसायला जागा खुर्चीएवढी आणि टाकीएवढी. आणि टाकीचं पाणी. आमच्या नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, ते तसंच ओतलं तर मासे जातात. म्हणून चार बादल्या भरून एक दिवस उघड्या ठेवायच्या, मुरू द्यायच्या, मग टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढून त्या ओतायच्या. दर तिसऱ्या दिवशी. म्हणजे या बाजूला बायकोचं पाणी बदल, त्या बाजूला माशांचं पाणी बदल. कुणी विचारलं, "काय काउ, कसं काय?" की उत्तर एकच: "चाललंय." हा शब्द तो अशा आवाजात म्हणायचा की ऐकणाऱ्यालाच बसावंसं वाटे.

एकदा मी सोनमाशांच्या रस्त्यावर त्याच्यासोबत गेलो होतो. दुकानाच्या दारात पाण्याच्या पिशव्या लटकलेल्या, प्रत्येकीत एक मासा. हा एका काळ्यासमोर उभा. दुकानदारीण विचारतेय, "हाच ना काका?" हा बोलेना. मी वाकून बघितलं तर उभ्या उभ्या झोपला होता, डोळे अर्धे उघडे. दुकानदारीण मला म्हणाली, "तुमचे दोस्त माशासारखे झोपतात हो."

अकरा दिवसांनी दुसरा काळाही नाहीसा झाला.

आता मात्र बिंग-काउ घाबरला. त्याच आठवड्यात यीन-हिंगला थोडा ताप आला होता. दवाखान्यात दोन दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. काही निघालं नाही. पण त्याने दोन्ही गोष्टी जोडल्या. एक काळा गेला तर नजरचूक म्हणू, दुसराही न मरता गेला म्हणजे घरातून कुणीतरी संरक्षण काढून नेतंय. तो मास्तरला घेऊन आला. मास्तर म्हणजे हातात होकायंत्राची थाळी घेऊन फिरणारा चुणचुणीत गृहस्थ, वय असेल चाळीस, आणि आम्हा म्हाताऱ्यांशी बाळांशी बोलावं तसा बोलतो. थाळी फिरवून त्याने सांगितलं, टाकी चुकीच्या जागी आहे. दारातून आलेली बरकत सरळ खिडकीतून बाहेर जाते. टाकी खिडकीपाशी हवी.

"खिडकीपाशी ही बसते," बिंग-काउ म्हणाला.

"मावशींना आत बसवा ना. सोपं आहे."

सोपं! चार माणसांना न उचलणारी टाकी. पाणी वाडग्यांनी काढलं. मासे आंघोळीच्या टपात. मी, पांगबाई आणि बिंग-काउ, तिघांचं मिळून वय दोनशेवर, टाकी इंच इंच सरकवतोय. पांगबाई म्हणते, "माझ्या बाजूला देव उभाय, तुम्ही ढकला." मी म्हणतो, "देवालाच हात लावायला सांग." बिंग-काउचा नुसता श्वास ऐकू येतोय. टाकी जागेवर बसली तेव्हा तो कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकला आणि तसाच हळूहळू खाली घसरत बसला. यीन-हिंगची खुर्ची आतल्या खोलीत गेली, जिथे खिडकी नाही. तिने टॉवेलने त्याची मान पुसली आणि म्हणाली, "आता तरी बसा जरा."

"तुझी तीनची पिशवी," तो म्हणाला आणि उठला.

त्यानंतर तिसरा काळा गेला. चौथा गेला. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बिंग-काउ आता शोधत नव्हता. टॉर्च नाही, मास्तर नाही, की ओरडा नाही. सकाळी टाकीकडे बघायचा, मग जोडे घालून नवा काळा आणायचा. मला वाटलं, थकला. माणूस एका मर्यादेपलीकडे थकला की घाबरायलाही ताकद उरत नाही. पांगबाईचंही तेच मत पडलं. ती म्हणाली, "काउभाऊंनी हात टेकले हो."

आता मी दुपारी कुठे असतो ते सांगतो. वसाहतीच्या मागे जुनं देऊळ आहे, समुद्रदेवीचं. त्याच्या अंगणात दगडी टेबलं आणि एक तळं. लोक तिथे कासवं आणून सोडतात, पुण्य लागतं म्हणून. कासवं एवढी झालीत की त्यांनाच एकमेकांच्या पाठीवर उभं राहावं लागतं. तिथे आम्ही चार म्हातारे बुद्धिबळ खेळतो, आमच्याकडचं, ज्यात तोफही असते. त्या दिवशी माझी तोफ अडकली होती आणि मी कुठे दुसरीकडे बघायला मिळतंय का ते शोधतच होतो, तेवढ्यात पायऱ्यांच्या कठड्याला धरून एक बाई उतरताना दिसली. हातात सूप न्यायचा उभा डबा. दोन पायऱ्या उतरायची, थांबायची. परत दोन.

मी डोळे चोळले. यीन-हिंग! जी दवाखान्याखेरीज उंबरा ओलांडत नाही ती यीन-हिंग.

ती तळ्यापाशी आली, कासवं नसलेला कोपरा शोधला, डब्याचं झाकण फिरवलं आणि डबा हळूच पाण्यात कलता केला. काळं काहीतरी वळवळत आत गेलं. बटाट्यासारखे डोळे.

मी डाव सोडून उठलो. तोफ तशीही मरणार होती. तळ्यात वाकून बघितलं तर शेवाळ्याच्या सावलीत काळ्यांची पंगत बसलेली.

"पाहिलंत?" ती म्हणाली.

"पाहिलं, वहिनी."

"मग आधी बसा. मला धाप लागलीय, उभ्याने भांडता येणार नाही."

आम्ही कठड्यावर बसलो. तिने पदरी बांधावं तसं रुमालात बांधलेलं भाताचं शीत सोडलं आणि चिमूट चिमूट पाण्यात टाकायला लागली.

"रोज येते मी," ती म्हणाली. "यांना सांगते, पांगबाईकडे बसायला जाते. बघावं लागतं ना, कासवं काय करतात ते. आजचा पाचवा, पण चारच दिसतायत बघा. पहिला परवापासून नाही."

"मग तोच तुमचं घेऊन गेला म्हणायचा."

"गप्प बसा हो, चोयदादा." पण ती हसली. मग बराच वेळ भात टाकत राहिली.

"सकाळी उठले की हे आधी टाकीकडे बघतात, मग माझ्याकडे," ती म्हणाली. "काळा जिवंत दिसला की तोंड उतरतं. त्या माशाने मरावं म्हणून वाट बघणं चाललंय आमच्या घरात. मला नाही बघवत. आणि खरं सांगू? ते राहू दे बाजूला. मला त्या बादल्या नाही बघवत. त्यांची कंबर बघितलीत? रात्री कूस बदलताना पलंगाची दांडी धरतात. माझ्या पिशव्या तर मी मरेपर्यंत आहेत, त्याला इलाज नाही. बादल्या तरी कमी होऊ देत. मला वाटलं, काळा दोन-तीनदा असा नाहीसा झाला की म्हणतील, या घराला टाकी लाभत नाही, आणि देऊन टाकतील कुणाला तरी."

"आणि झालं काय?"

"झालं काय! टाकी उचलून खिडकीत आली आणि मी अंधारात."

"सरळ सांगा ना त्याला, टाकी काढ म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं आमचे शाळामास्तर बघायचे मी पाढा चुकलो की.

"काय सांगू? मला वाचवायचं जे काय करताय ते बंद करा, असं? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? डॉक्टरचं डॉक्टर करतात. पिशव्या मी स्वतःही लावू शकते. ती टाकी तेवढी त्यांची. एकेचाळीस वर्षं संसार केला, चोयदादा, पण हे तोंडाने बोलायचं शिकलो नाही आम्ही."

मग तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं, कुणाला सांगायचं नाही. पांगबाईला तर नाहीच. मी कबूल झालो. आता माझ्या पोटात गोष्ट किती टिकते ते तुम्हाला ठाऊक आहे. नऊ दिवस टिकली. माझी बायको हयात असती तर तिने पेढे वाटले असते.

नवव्या दिवशी दुपारी धप्प असा आवाज झाला आणि मजल्यावर पाणी वाहत आलं, माझ्या दारापर्यंत. मी जाऊन त्याची जाळी बाजूला सरकवली. बिंग-काउ टाकीपाशी आडवा. बादली त्याच्या बाजूला लोळलेली. पाठीत उसण भरली होती, उठताच येत नव्हतं. यीन-हिंगची खुर्ची रिकामी. मी त्याला चटईवर सरकवलं, औषधी तेल काढलं, सदरा वर केला आणि पाठ चोळायला लागलो. अशी पाठ, काय सांगू! हात फिरवला की एकेक मणका मोजून घ्या.

"काउ," मी म्हणालो, "पुरे आता. ही टाकी काढ."

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता.

"कुणासाठी मरतोयस? तो काळा कुठे जातो माहीत आहे तुला?"

तरी नजर घड्याळावरच. मग मला राहवलं नाही. चोळता चोळता सगळं सांगून टाकलं. डबा, देऊळ, तळं, भाताचं शीत, कासवं. तिला बादल्या बघवत नाहीत तेही. शब्द दिला होता तोही सांगितला, म्हणजे शब्द मोडल्याचंही त्याच्यापाशीच कबूल करून टाकलं. बोलून झालं आणि मी थांबलो. वाटलं, आता रडेल, नाहीतर चिडेल. एवढे दिवस बिचारा पोटावर पडून कपाटाखाली शोधत होता, टाक्या ढकलत होता, आणि मासे बायकोच्या डब्यातून चालले होते.

त्याने मान वळवली. गाल चटईवर, एक डोळा माझ्याकडे. तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगतो, त्यात माझं काही नाही:

"तिसरा गेला तेव्हाच कळलंय मला, चोयदादा. वरून खिडकीतून बघितलं, पायऱ्या उतरत होती. पहिले दोन गेले तेव्हा खरंच घाबरलो होतो, ते खोटं नाही. पण सहा वर्षं डॉक्टर सांगून थकले, रोज थोडं चालत जा, आणि ही खुर्चीतून उठत नव्हती. आता त्या माशांपायी रोज तळ्यापर्यंत जाते. वर येते आणि म्हणते, भूक लागली. टाकी काढली तर ती परत खुर्चीत बसेल. तेव्हा तिला काही बोलू नका. ती यायच्या आत मला धरून बसवा, एवढं पाणी पुसून घ्या, आणि ती बादली नळाखाली लावा. उद्या नवा काळा आणायचाय, पाणी मुरायला हवं."